तीन ओळी निगेटिव्ह

गाठीचा रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले होते. ह्यांची रबाळ्याच्या कारखान्यात ड्युटी होती. कागदावर तीन ओळींपुढे 'निगेटिव्ह' दिसलं आणि मला वाटलं, सुटले. करोनात निगेटिव्ह म्हणजे सुटका, एवढंच मला ठाऊक. बेलापूरला घरी येऊन थेट देवीसमोर पेढे ठेवले, शेजारणींनाही वाटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी समजावलं. स्तनाचा कॅन्सर होताच. निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की हार्मोनच्या गोळ्यांना त्या पेशींवर धरायला जागाच नाही. "हा प्रकार भराभर वाढतो. केमो लगेच सुरू करू," त्या म्हणाल्या. मी एक्केचाळीस वर्षांची, मुलगी दहावीत. घरी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीला टाकून बोलले, "पेढे घेताना तरी सांगायचंस!" त्या दिवसापासून दिवा लावला नाही.

केमोच्या सकाळी हे खाली काउंटरवर फॉर्म भरत होते. वर वॉर्डात ओळीने बसलेल्या, केस गेलेल्या बायका पाहून माझा धीरच सुटला. जे व्हायचं ते घरीच होऊ दे, असं ठरवून मी दाराकडे निघाले. दाराजवळच्या खाटेवर एक आफ्रिकन बाई होती. नर्सला तिची शीर सापडत नव्हती. त्या बाईने मोडक्या हिंदीत मलाच हाक मारली, "बहन, दो मिनट हाथ पकड़ो."

नाही कसं म्हणणार? हात धरून बसले. ती टांझानियाची. तिचाही रिपोर्ट माझ्यासारखाच, तिन्ही ओळी निगेटिव्ह. तिच्या थोरल्या बहिणीला हेच झालं होतं. हॉस्पिटल दोन दिवसांच्या वाटेवर, पोहोचेपर्यंत गाठ फुटली होती. सांगता सांगता तिने विचारलं, "तुम कहाँ से आयी?"

"बेलापूर. रिक्शा से बीस मिनट."

ती म्हणाली, "मैं समुंदर पार करके आयी. तुम बीस मिनट से आके वापस जाती है?"

मी पळून निघालेय हे तिला कसं कळलं, मी विचारलं नाही. नावच विचारलं. म्हणाली, "नीमा. हमारी भाषा में, भगवान की कृपा." उठले आणि माझ्या खुर्चीत जाऊन हात पुढे केला.

माझी गाठ औषधाने विरघळत गेली, मग ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आज तपासणीत काही सापडत नाही. नीमाचा आजार मात्र फुप्फुसात पोहोचला होता. ती मुलांकडे परत गेली आणि काही महिन्यांनी तिच्या भावाचा मेसेज आला. त्या संध्याकाळी मी देव्हाऱ्यातली काजळी पुसली, दिवा लावला आणि पुष्कळ रडले. मी राहिले, ती का नाही? डॉक्टरबाईंना विचारलं, देवीलाही विचारलं.

आता हात जोडते तेव्हा काही मागावंसं वाटत नाही. मी रिपोर्ट चांगला मागितला होता, तो देवीने दिला नाही. जे मागायचं मला कधी सुचलंही नसतं, ते तिने समुद्रापलीकडून पाठवलं.