उषाबाईंचं चोरीला गेलेलं गाव

जालन्याच्या आमच्या गल्लीत उषाबाईंकडे दोन प्रकारची माणसं यायची. मोठी यायची सोयरिकीसाठी आणि पोरं यायची व्हिडिओ गेम खेळायला. दोन्ही धंदे एकाच खोलीत. एकीकडे टीव्हीवर गाड्यांची शर्यत चाललेली, दुसरीकडे चटईवर एखादा मुलीचा बाप बसलेला. "तुमचं मामकूळ कोणतं, पाव्हणं?" असं त्याला विचारता विचारता बाई मागं वळून ओरडायच्या, "ए, रिमोट आपटू नका रे!" पाहुणा दचकायचा, पोरांना मात्र काहीच फरक पडायचा नाही.

हा गेमचा उद्योग त्यांनी ब्याण्णवच्या सुमारास काढला. नवरा रामकिसन एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला. माणूस सरळ, पण मनातलं ओठावर यायला त्याला एक हंगाम लागायचा. घरातला टीव्ही बायकोनं पोरांच्या ताब्यात दिला तेव्हा तो फक्त "बराबर हाय" म्हणाला. त्याचा अर्थ "बिलकुल बराबर न्हाई" असा असतो, हे फक्त बाईंना कळायचं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कॅसेट अडली की ती काढून अशी फुंकर मारायच्या की ती मुकाट्यानं चालू व्हायची.

त्यांची एकुलती एक शिवकन्या याच खोलीत वाढली. तिला जिंकण्यात रस नव्हता. गेम कुठं चुकतो हे ती शोधायची. कोणत्या भिंतीतून गाडी आरपार जाते, कोणत्या पुलावर राक्षस अडकून बसतो, हे सगळं तिला पाठ. कॉम्प्युटरची डिग्री झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीनं तिला नेमकं याच कामाला बोलावलं. अर्धवट तयार झालेले गेम खेळायचे आणि चुका पकडायच्या.

घोळ असा झाला, की त्याच महिन्यात बाईंनी कुंभार पिंपळगावचं एक नंबरी स्थळ पक्कं करत आणलं होतं. शिवकन्या नाही म्हणाली आणि पुण्याला गेली. अख्ख्या जिल्ह्याच्या सोयरिकी जुळवणाऱ्या बाईंची स्वतःची पोरगी नाही म्हणते, यावर गल्ली आठवडाभर हसली. बाईही हसल्या. रामकिसन हसला नाही. "गेम खेळायची कुठं नौकरी असती का?" एवढं बोलून त्यानं पोरीशी अबोला धरला. तिचा फोन आला की तो टीव्हीचा आवाज मोठा करायचा. मायलेकींना चार शब्द मोकळेपणी बोलता येईनात, आणि बाप बोलेना म्हणून पोरगी रडायची. बाईंना तेच खात होतं.

मी तेव्हा शेजारी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. बाईंनी दोन जुने कॉम्प्युटर घेतले, इंटरनेट आणलं, तेव्हा सगळी जोडणी मीच करून दिली. शिवकन्येनं आईला एका गेमची वाट दाखवली. त्यात आपलं एक गाव वसवायचं, शेत पिकवायचं आणि दुसऱ्याच्या गावाला धान्याच्या गाड्या पाठवायच्या. निरोपही लिहिता यायचे. खातं उघडताना मी बाईंना म्हणालो, "पासवर्ड विसरलात तर तो एक प्रश्न विचारेल. आईचं माहेरचं आडनाव काय?"

बाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "सर, ह्यो गुपित प्रश्न हाय? आवं, सोयरिकीत पयला हाच विचारत्यात! माझी माय सपकाळांची, हे माझ्या माहेरचं, धावड्याचं शेंबडं पोरगं सांगंल."

त्यांचं खरं होतं. ज्या साहेबानं तो प्रश्न तयार केला, त्यानं आयुष्यात एकही लग्न जुळवलेलं नसणार. तरी मी तोच ठेवला. म्हटलं, बाईंचं गाव कोण चोरतंय?

पुढं मी भावाच्या लग्नाला गावी गेलो आणि इकडं चोरी झाली. परत आलो तर बाई दारातच उभ्या. "सर, माझं गाव गेलं! पासवर्ड घेईना मेला." संशयितांची यादीही तयार होती. त्यांच्या आईचं माहेर ठाऊक असलेला प्रत्येक माणूस तिच्यात होता, म्हणजे अर्धा भोकरदन तालुका. सगळ्यात वर नाव भुजंगचं. हा त्यांच्या माहेरचा तरुण, त्याचं स्थळ त्यांनी दोनदा मोडलं होतं. त्याला घरी बोलावून बाईंनी असं फैलावर घेतलं, की तो चहा न घेता पळाला.

"मंग शिवकन्याला फोन केल्ता का?" मी विचारलं.

"केल्ता ना, बाहेरून. म्हन्लं, चोराला काही देऊ नको. तर कार्टी हसती! म्हन्ती, असू दे आई, चोर चांगला हाय. रोज मला गव्हाच्या गाड्या पाठवून राह्यला." बाईंचे डोळे भरून आले. "मला करमत न्हाई सर. तिथं बसून तिच्यासंग बोलत होते मी."

रडत्या बाईंना पाहायची मला सवय नव्हती. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. त्या पानावर पासवर्ड बदलताना प्रश्नही नवा टाकता यायचा, आणि चोरानं तो टाकला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचलं, "ताटातलं पुसलेलं नाव कोणतं?"

मला ओ की ठो कळलं नाही. बाई मात्र हातातला पदर तसाच धरून बसल्या. खोलीत गाड्यांची शर्यत चालू होती, तरी आज पोरांवर ओरडायचं त्या विसरल्या.

"ह्यांनी लिहिल्तं," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नात, ताटातल्या तांदळात, अंगठीनं. बेबीनंदा. लई हौसेनं. सासूबाईंनी वाचलं अन् हात फिरवला तांदळावरून. म्हन्ल्या, ही कसली फ्याशन, उषाच बरं हाय. त्या गेल्या. आता ह्यांच्याबिगर कुणालाच ठावं न्हाई."

त्यांनी एकेक अक्षर शोधत नाव टाकलं आणि गाव उघडलं.

गाव होतं तिथंच होतं. उलट जास्त पिकलं होतं. बाईंच्या हातचा पसारा जाऊन शेतं ओळीत लागली होती, बियाण्याच्या कारखान्यातल्या माणसानं लावावीत तशी. खाली निरोप होते. पहिल्यात चोरानं विचारलं होतं, "जेवून राह्यली ना बराबर?" आणि लगेच पोरीचं उत्तर, "हो बाबा."

त्यापुढं निरोपांचा ढीग होता. कंपनीत बायामाणसं किती, खोलीला कडी चांगली आहे का, चूक सापडली की साहेब काय म्हणतो. शेवटी पोरीनं लिहिलं होतं, "आईला कधी सांगायचं?" त्याला उत्तर होतं, "थांब जरा. लाज वाटते."

मला हसू आवरेना. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. पासवर्ड बदलू का विचारलं, तर त्यांनी माझा हातच बाजूला केला.

तेवढ्यात रामकिसन कामावरून आला. चपला काढल्या, पेपर उघडला. याच पेपरच्या आडून यानं बायकोचा गेम शिकून घेतला होता आणि कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर तो खेळत होता, हे आता माझ्या ध्यानात आलं. बाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"घ्या. बेबीनंदानं आणलंय."

पेपर खाली आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढं कुणी ते नाव घेतलं होतं. रामकिसननं बाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, कॉम्प्युटरकडं पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. मग उठला आणि त्यानं पोरांच्या गेमचा आवाज बंद केला.

"फोन लाव तिला," तो म्हणाला. "आज मी बोलतो."