बिनडागाची कात्री

मला इंग्रजी येतं असं कुणी ठरवलं देव जाणे. मॅट्रिक काठावर पास झालेली, नोकरीला नुकतीच लागलेली मी. पण जामसंड्याच्या पलीकडच्या आमच्या लहानशा दवाखान्यात परदेशी नर्स येणार असं कळलं, तेव्हा दुभाषी म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

तिला आम्ही मडम म्हणायचो. कुठल्याशा परदेशी संस्थेने सरकारशी करार केला होता आणि खेड्यापाड्यातल्या सुइणींना शिकवायचं काम हिच्याकडे आलं होतं. कापडाची बाहुली घेऊन ती नाळ कापून दाखवायची, मी तिचं बोलणं मराठीत सांगायचे आणि जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकजण मात्र हसत नसे. मासे विकणाऱ्या घरातली, पन्नाशीची विधवा. खाडीकाठच्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापलेली. ती मलाच उलट विचारायची, "आणि पाणी कितको येळ उकळूचां, बाय?"

शिक्षण संपल्यावर प्रत्येकीला अ‍ॅल्युमिनियमची पेटी मिळाली. आत कात्री, दोरा, ब्रश, साबण, मेणकापड. त्या विधवेने ती पेटी डोक्यावर घेऊन भर बाजारातून मिरवत नेली. तिची धाकटी लेक तेव्हा पहिलटकरीण होती, पाचवा लागला होता. "नातवाची नाळ ह्याच कातरेन कापतलंय," असं ती भेटेल त्याला सांगायची.

कात्री उकळायची, हे मडमने शिकवलं. आमच्या खाऱ्या हवेत उकळलेली कात्री दुसऱ्या दिवशी तांबडी होते, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. दाराच्या कड्या, विळ्या, खिळे गंजताना बघतच मी मोठी झाले होते. पण कात्री कोरडी कशी करायची, तिला काय लावायचं, हे मडमच्या पाठात नव्हतं म्हणून मीही सांगितलं नाही.

दर तीन महिन्यांनी मडम पेट्या तपासायला यायची. तिच्यासमोर आपली शोभा नको म्हणून मी आधी एक फेरी मारून यायचे. पहिल्याच फेरीत त्या विधवेच्या कात्रीवर गंज दिसला. त्या कात्रीने दोन बाळंतपणं झाली होती आणि दोन्ही पोरं ठणठणीत होती. ते मी विचारलंच नाही. पाच-सहा बायांसमोर तिची खरडपट्टी काढली. "सरकारी वस्तू अशी ठेवतात? पुन्हा एक डाग दिसला तर पेटी काढून घेईन." हे सगळं शुद्ध, ऑफिसातल्या मराठीत. मालवणीत भांडले असते तर तिने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या मराठीपुढे ती गप्प बसली.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी ती दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. लेक बाळंत होऊन आठवडा झाला होता.

"बाय, पोरगां दूद पिणा नाय. तोंडच उघडणा नाय."

तिच्यामागून धावत गेले. बाळाचा जबडा आवळलेला, नुसता हात लावला तरी अंग ताठ व्हायचं. धनुर्वात. आमच्या कपाटात त्यावर काही नव्हतं, आणि रत्नागिरी गाठेपर्यंत ते टिकलं नसतं. दुपारी गेलं. लेक भरल्या छातीने तशीच भिंतीला टेकून बसली होती.

मी सुइणीला परसात घेतलं. "नाळ कशाने कापलीस?"

"कोयतेन. बरी धुवन घेतलंय."

"आणि कात्री?"

तिने पेटी आणली. लुगड्याच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली, खोबरेल चोपडलेली कात्री माझ्यापुढे धरली. "बगा, एक डाग नाय. तुमी पेटी काडून घेशात म्हणान वापरूकच नाय."

"अगं, गंजली तरी घासून, उकळून तीच वापरायची!"

तिने कात्री पुन्हा फडक्यात गुंडाळली. "मगे त्या दिवशी असां कित्याक सांगूक नाय?"

त्या दिवशी मला माझी किळस आली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती गेलेली नाही.

महिनाभरात मडम आली. पडवीत पेट्या ओळीने मांडल्या होत्या. त्या विधवेची पेटी उघडताच तिचा चेहरा खुलला. सगळ्या तालुक्यात इतकी नीट ठेवलेली पेटी मी पाहिली नाही, तिला सांग, म्हणाली. आणि मी निलाजरीने ते सांगितलं. या वेळी मालवणीत.

मला नेहमी 'तुमी' म्हणणारी ती बाई हळूच म्हणाली, "हिका सांग गो, ह्या कातरेपायी माजो नातू गेलो."

"काय म्हणते ती?" मडमने विचारलं.

सांगायला फार इंग्रजी लागणार नव्हतं. तेवढं मला येत होतं. पण पुढचा प्रश्न काय येईल तेही मला कळत होतं, आणि माझी नोकरी नवी होती.

"आभार मानते आहे," मी म्हटलं.

मडमने हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग आम्ही पुढच्या गावाला निघालो.