सोडलेले तीळ

माझ्या थोरल्या मुलाला तीळ चालत नसत. आता नातवंडांचे डॉक्टर यासाठी एक इंग्रजी शब्द वापरतात आणि तो ऐकला की सगळे समजूतदारपणे माना डोलावतात. आमच्या वेळी वऱ्हाडात तो शब्द पोचलेला नव्हता. पोर तिळानं सुजतं असं सांगितलं, की लोक आधी पोराकडे बघत, मग माझ्याकडे, आणि खोट आईतच असावी असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

माझं माहेर अकोल्याचं. सासर अमरावतीबाहेर, वलगाव रस्त्यावरच्या मळ्यात. वांगी, मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. घरात माणसं मोजकी: आमचे हे, मी, मूल आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. मी चौथी शिकलेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असे.

मूल वर्षाचं झालं तेव्हा मी संक्रांतीला अकोल्याला गेले होते. आईनं कौतुकानं तिळाच्या लाडवाचा कण दुधात कुस्करून त्याच्या जिभेवर ठेवला. अंगणातून पाण्याची कळशी आत आणेपर्यंत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि रडणं घशात अडकायला लागलं. भडाभडा ओकला म्हणून वाचला, असं मला आजही वाटतं. आईनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. महिन्याभरानं सासरी यांनी चटणीचं बोट चाटवलं आणि तेच सगळं पुन्हा झालं. दोन्ही वेळा पोटात गेलेली सारखी वस्तू एकच होती. मी तसं म्हणाले, तर हे हसले.

"तिळानं कोनाले काई होते का? आमी तं तिळावरच वाढलो."

तेव्हापासून मी एकटीच पहाऱ्यावर उभी आहे अशा थाटात वागू लागले. आमच्याकडे तीळ कशात नसतात! भोगीच्या भाकरीवर, वांग्याच्या भाजीत, चटणीत, डोक्याच्या तेलात. मी सगळे तीळ घराबाहेर काढले. पोरासाठी पाटा-वरवंटा वेगळा केला. आत्याबाईंचा घास तिळाच्या चटणीशिवाय उतरत नसे, म्हणून त्यांची चटणीची बरणी तेवढी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून दिली. "खायची असंन तं तिकडं जाऊन खा, आन् हात धुऊन या," असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आत्याबाई मुळात कमीच बोलत.

खरा धोका बाजारात होता. आत्याबाई रोज सकाळी टोपलं डोक्यावर आणि नातू कडेवर घेऊन अमरावतीच्या भाजीबाजारात जात. दोन वर्षांचं गुबगुबीत पोर वांग्यांच्या ढिगामागे बसलेलं पाहिल्यावर कोणाचा हात रिकामा राहतो? एक बाई फुटाणे देई, दुसरी बोरं देई. रेवड्यांची गाडी तर समोरच उभी राहायची. मी हजारदा म्हटलं, त्याला घरी राहू द्या.

"लेकरू मानसात नाई गेलं तं मानसात कसं येईन?" आत्याबाई म्हणत. "म्या पायते ना त्याच्याकडं."

त्या पाहतात यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. दोघं परतली की मी फौजदारासारखी झडती घ्यायचे. पोराच्या मुठी उघडायच्या, तोंडाचा वास घ्यायचा, झबल्याचा खिसा उलटा करायचा. आत्याबाई ओसरीवर गुडघे चोळत हे सगळं बघत बसायच्या. त्या वर्षी त्यांचे गुडघे फार धरले होते. पूर्वी त्या संध्याकाळी स्वतःच तेल जिरवायच्या, आता नुसत्या कोरड्या हातानं चोळून कण्हायच्या. मला वाटे, मला ऐकवायला कण्हतात.

बाजारच्या तेलाचा भरवसा नव्हता, त्यात काय काय मिसळलेलं असे. म्हणून मी ठरवलं की मळ्यातल्या करडीचं, म्हणजे करडईचं, तेल आपणच घाण्यावरून गाळून आणायचं. संक्रांत जवळ आली होती आणि तेल्याकडे ही गर्दी. माझी पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. तेली म्हणाला, "बाई, उद्या सकाळी या. घाना धुऊन पुसून पयला तुमचाच काढून देतो."

"सकाळपासून उभी हाओ मी. माह्या लेकराचं जेवन अडलं हाय. आत्ताच्या आत्ता पायजे."

तो काहीतरी सांगत होता. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता, त्यामुळे मला ते ऐकू आलं नाही. शेवटी त्यानं बैल जुंपला. गुरांसाठीची ढेप तिथेच राहिली तरी तेल तेवढं घेऊन मी जिंकल्यासारखी घरी आले. लगेच तव्यावर ताजं तेल सोडून पोरासाठी धिरडी केली. घरभर असा खमंग वास सुटला की मलाच अभिमान वाटला.

आत्याबाई तेवढ्यात बाजारातून आल्या. पोरगं भुकेजलेलं होतं. अर्धं धिरडं संपलं असेल नसेल, त्यानं ओठ खाजवायला सुरुवात केली. मग कान लाल झाले, मग डोळे मिटत आले, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

मी आत्याबाईंवर तुटून पडले. "चारलीच ना रेवडी! सांगत होती ना मी! मारा, मारून टाका माह्या लेकराले!" शेजारच्या मळ्यातली माणसं कुंपणाशी धावून आली होती, त्यांच्यादेखत मी हे बोलले. आत्याबाईंनी एवढंच म्हटलं, "नाई वं, त्यानं तिथं काईच नाई खाल्लं." मी म्हणाले, "खोटं बोलता."

यांनी छकडा जुंपला. दवाखाना अर्ध्या तासावर होता. त्या अर्ध्या तासात मी पोराचा प्रत्येक श्वास मोजला. डॉक्टरांनी दंडात सुई टोचली. हळूहळू ती शिट्टी थांबली आणि पोरानं पाणी मागितलं. चार दिवस नुसता दूधभात द्या, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. परतताना आत्याबाई छकड्याच्या अगदी मागच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी पोराच्या पायाला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच बाजारात जाऊ लागल्या. पोर फाटकापर्यंत "आजी, आजी" करत मागे धावे आणि त्या वळून बघत नसत. घरी त्यानं पाणी मागितलं तरी म्हणत, "तुह्या मायले मांग." तो भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभाच राही. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. घरात आता माझं म्हणणं चालत होतं आणि पोर सुरक्षित होतं.

पाचव्या दिवशी मी राहिलेली ढेप आणायला तेल्याकडे गेले. तेली नव्हता, त्याची बायको होती. पोतं उचलून देता देता ती सहज म्हणाली, "तेल खमंग लागलं असंन नाई? तुमच्या आंधी तिळाचाच घाना निंगाला होता. हे मनत होते, सकाळी धुऊन काढतो मनून. तुमी आयकलंच नाई."

मी पोतं तिथेच टाकलं. ते तेल मी गाळून आणलं होतं. ते धिरडं मी केलं होतं. माझ्या हातानं मी त्याच्या तोंडात घास घातला होता, आणि त्याची छाती वाजत असताना ओरडले होते दुसऱ्याच बाईवर. मला माझीच इतकी किळस आली की रस्त्यात उभं राहवेना. पोर घरी यांच्यापाशी होतं. मी घराकडे वळलेच नाही, तशीच बाजाराकडे चालत सुटले.

आत्याबाईंची जागा रिकामी होती. त्या पाणी प्यायला गेल्या होत्या. शेजारी एक बाई पेरू घेऊन बसली होती. तिनं मला ओळखलं.

"तू त्याची माय ना वं? पोट्ट्याले काहून नाई आनत आताशा तुही सासू?"

मी विचारलं, त्या दिवशी कोणी त्याला काही दिलं होतं का.

"देईन कोन? अवो, तुह्या सासूनं साऱ्या बाजाराले सांगून ठेवलं हाय ना, नातवाच्या नावानं देवीपाशी तीळ सोडले मनून. त्याच्या तोंडात तीळ गेला तं नवस मोडते. रेवडीवाला तं गाडी उलट्या तोंडानं लावते. आन् लेकराच्या संगं तिनं सोताबी सोडले. साल झालं."

मी वर्षभर सगळ्या जगाला सांगत होते की माझं पोर तिळानं सुजतं, आणि जग हसत होतं. दुखण्याला कोणी जुमानलं नसतं, हे त्या न शिकलेल्या बाईनं ओळखलं होतं. देवापाशी सोडलेल्या वस्तूला मात्र आमच्याकडे कोणी हात लावत नाही. काशीला जाऊन एखादं फळ सोडून आलेल्या माणसाला ते खा असा आग्रह कोणी करतं का? पोराभोवती मी घातलेली सगळी कुंपणं मोडकी होती. खरं कुंपण आत्याबाईंनी घातलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग गुडघे आठवले. आत्याबाई गुडघ्यांना तिळाचंच तेल लावायच्या. ते त्यांनी वर्षभर लावलं नव्हतं.

त्या आल्या. मला पाहून घाबरल्या, पोराला काही झालं की काय म्हणून. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. घाणा, तेल, धिरडं, सगळं एका दमात सांगितलं आणि भरबाजारात त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. पेरूवाली तोंड उघडं टाकून बघत होती.

"मले काहून नाई सांगतलं, आत्याबाई?"

"तू भांडाले येते वं, इचाराले नाई येत," त्या म्हणाल्या. मग पेरूवालीला ऐकू जाणार नाही असं हळू म्हणाल्या, "पयले मी खोटंच बोलली होती. नवस-बिवस काई नोयता. लोकाईनं आयकावं मनून बोलली. मंग रातभर झोप नाई आली. देवीच्या नावानं खोटं कसं बोलावं? मनून खरंच सोडून देल्ले. लेकराचे आन् माहे." मग त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. वांगे राहिले हायेत अजून विकाचे."

मी त्यांच्या शेजारी बसून वांगी विकली. घरी आल्यावर गोठ्यातल्या कोनाड्यातली बरणी उघडली. चटणी काठोकाठ तशीच होती, वर जाळं धरलेलं. मी ठेवल्या दिवसापासून तिला कोणी बोट लावलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी एरंडेल कोमट करून त्यांच्या गुडघ्यांना चोळलं. पोर भांडं घेऊन आलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी त्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टोपल्याबरोबर बाजारात गेला. मी त्याच्या मुठी पुन्हा कधी उघडून पाहिल्या नाहीत. त्यानंतर आमची करडी नेहमी धुतलेल्या घाण्यावर, सकाळी पहिली निघाली.

माझा राग मात्र काही गेला नाही. पण पुढं भांडायच्या आधी निदान एक प्रश्न विचारायची सवय मला लागली.

आत्याबाई गेल्या तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. दहाव्याला आम्ही वलगावला पेढी नदीवर गेलो. पिंड झाले. मग गुरुजी ताट घेऊन एकेका नातेवाइकाच्या ओंजळीत काळे तीळ ठेवू लागले, पाण्याबरोबर सोडण्यासाठी. पोरानं रडत रडत हात पुढं केला, आणि मी त्याचं मनगट धरलं.

"याला तीळ नकोत, गुरुजी. त्याचे सोडलेले आहेत."

"अहो, तिळाशिवाय आजीला पोचायचं कसं?"

"आजीचेही सोडलेले आहेत," मी म्हणाले.

गुरुजी गोंधळून यांच्याकडे बघू लागले. यांच्या ओंजळीत तीळ आधीच पडले होते. तिळानं कोणाला काही होतं का, म्हणून हसणारा माणूस तो. यांनी पोराकडे पाहिलं, ओंजळीतले तीळ एक एक वेचून ताटात परत ठेवले, हात नदीत धुतले, आणि आईला नुसतं पाणी दिलं.