पानाच्या तळाची ओळ

चार वर्षांपूर्वी मी अगदीच कोवळी होते, अठ्ठावन्न वर्षांची. त्या बाईची आठवण आली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, बुलढाण्यात दोन खोल्यांत एकटी, आणि डोक्यात काय, तर आता लोकांच्या वेबसाइट बनवायच्या!

बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात तिनं नाव घातलं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "आजी, नातीची ॲडमिशन करायची का?" ही म्हणाली, "नाही सर, नातीनंच मला पाठवलंय." नात तेव्हा पुण्यात दोन वर्षांची होती आणि तिला नीट बोलताही येत नव्हतं. मला अशा थापा मारायची सवय आहे. आमच्या गल्लीत माझं कुणी फारसं खरं धरत नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. होता म्हणते.

पण काम आलं हो तिला. रंग कुठला कशाशेजारी बसतो, डोळा आधी कुठे जातो, कुठे मोकळी जागा सोडायची, हे तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेन्सिलीनं सांगितलेलंच होतं. बाकीचं शिकता आलं.

पहिलं काम मलकापूरला मिळालं. भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला राजूरचा घाट उतरून गेले होते. चार भावांचं दुकान. थोरले भाऊ गादीवर बसून कुरकुरत होते, "आता बाया मोबाईलवर पाह्यल्याबिगर दुकानात पायच नाही ठेवत. आपलीबी एखादी वेबसाइट पाह्यजे. कोन करते इथं?"

मी करते, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. थोरल्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पायातल्या रबरी चपलेपाशी थांबले, आणि त्या शहाणीच्या तोंडून निघालं, "माझा मुलगा करतो."

मुलाची नोकरी त्याच वर्षी गेली होती. तो घरी बसून होता, सून एकटी कमावत होती. त्याच्या नावावर काही उभं राहील, असंही मनात आलं असेल. आज मी स्वतःला हे कारण सांगते, पण त्या क्षणी मुलगा आठवला नव्हता. त्या क्षणी फक्त चप्पल आठवली होती.

मग वर्षभर मी निरोप्या झाले. स्वतःचीच. "मुलगा विचारतो, रंग कोणता हवा?" "मुलगा म्हणतो, अक्षरं एवढी मोठी नको." ते म्हणत, "पोराले सांगा, जरा झगमग टाक." मी म्हणे, "सांगते." आणि घरी येऊन स्वतःला सांगे, नाही टाकायची.

नमुना म्हणून त्यांनी मला थोरल्यांच्या मुलीची लग्नपत्रिका दिली. "अशीच करा." वर गणपती, खाली देऊळगाव राजाचा बालाजी, मग हार घातलेले वडील, मग वयाच्या क्रमानं चार भाऊ. वेबसाइटवर साड्या सगळ्यात शेवटी. आमच्याकडे कुठलंही छापील काम असंच चालतं. माल मागे राहिला तरी चालेल, मान मागे राहता कामा नये. मी तसं करून दाखवलं. संगणकावर चारही भाऊ शेजारी शेजारी छान बसले. मोबाइलवर मात्र फोटो एकाखाली एक गेले, आणि तिसरे भाऊ दिसायला बोटानं दोनदा सरकवावं लागे.

तिसऱ्यांनी मोबाइल गादीवर आपटला. "मी खाली काऊन? दुकान सकाळी मी उघडतो, अन् मीच खाली?"

"अबे, तू तिसरा हायेस," थोरले म्हणाले.

"तिसरा घरात. मोबाईलमंधी काऊन तिसरा?"

धाकटे बिचारे तर सगळ्यांत खाली. त्यांच्यापर्यंत कुणी सरकवतच नव्हतं.

आठवडाभर काम अडलं. मग मी पुन्हा मलकापूरला गेले, चौघांना दुकानातल्या गादीवर एका ओळीत बसवलं, मागे साड्यांचे गठ्ठे, आणि एकच फोटो काढला. एका फोटोत कुणी कुणाच्या खाली जात नाही. शिवाय साड्या आपोआप वर आल्या, तेही हारातल्या वडिलांच्या लगेच खाली. हे मला सुचलं याचा आनंद इतका झाला की परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. थोरल्यांनी फोटो पाहून मान डोलावली. "पोरगं हुशार हाये बरं तुमचं."

"आहेच," ती मूर्ख म्हणाली.

त्या एका पानावरून वर्षभरात आणखी सहा कामं आली. एक मंगल कार्यालय, एक दातांचे डॉक्टर, एक शिकवणी वर्ग, असंच सगळं. सातही पानांच्या तळाशी मी स्वतःच्या हातानं ओळ टाकली. 'रचना', आणि पुढे मुलाचं नाव. ठळक अक्षरांत टाकलं, हे वेगळं सांगायला नको.

वर्ष सरता सरता, चांगला मुहूर्त पाहून, साडीच्या दुकानानं वेबसाइटचं उद्घाटन केलं. लॅपटॉपला लाल फीत बांधली, समोर नारळ फोडला. मुलाला पुण्याहून बोलावलं होतं. शाल आणि श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. मला त्यांच्या घरातल्या मोठ्या सुनेनं ब्लाउजपीस दिला. कुंकवाची कोयरी तिच्या हातात होती, पण माझ्या कपाळाकडे पाहून तिनं ती मागे घेतली. मग थोरल्यांनी माइकवरच मुलाला विचारलं, "सांगा ना, आमचं हे चौघांचं जमवलं कसं तुमी?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. स्नेहसंमेलनात पोरं वाक्य विसरली की बाई विंगेतून ओठ हलवतात ना, तसे मी पहिल्या रांगेतून ओठ हलवले. एकच फोटो. तो म्हणाला, "एकच फोटो घेतला." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळ्यांत शेवटी माझ्याच थांबल्या.

दोन महिन्यांनी त्याला पुण्यात नोकरी लागली. फोनवर म्हणाला, "आई, ती सातही पानं मी मुलाखतीत दाखवली. फार आवडली त्यांना." मी गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटणाऱ्या त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत मी पुण्याला गेले होते. त्याचा कुणी मित्र आला होता. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. बाहेर माझा मुलगा म्हणाला, "आईलाही थोडं थोडं शिकवलंय मी. वेळ जातो तिचा."

तेल तापलेलं होतं, म्हणून मी चकल्या आधी बाहेर काढल्या. संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, कधी शिकवलंस मला?" तो लाजलासुद्धा नाही. "जाऊ दे ना आई. घरातल्या घरात काय तुझं न् माझं?"

तेही खरंच म्हणा. घरात तुझं-माझं कुणी सुरू केलं नव्हतं. मी सगळंच त्याचं करून टाकलं होतं.

या वर्षी मलकापूरच्या दुकानाला नवीन पान हवं होतं, चौघांच्या मुलांचे फोटो घालून. थोरल्यांनी मुलाला फोन केला. मुलानं मला. "आई, तेवढं करून दे." मी म्हटलं, देते. आणि मलकापूरला जाऊन गादीसमोर बसून सरळ सांगितलं, "भाऊ, माझ्या मुलाला यातलं काही येत नाही. आधीचं पान मी केलं. सातही मीच केली."

चौघं भाऊ हसले. धाकटे तर डोळे पुसायला लागले. "काकू, तुमी भलत्याच मजाकी हाये!"

मी लॅपटॉप काढला. त्यांच्या डोळ्यांदेखत पानाचा रंग बदलला, फोटो काढून दुसरा टाकला, पुन्हा होता तसा केला. हसू थांबलं. थोरले चष्मा लावून जवळ आले. मला वाटलं, पटलं.

"वा ताई," ते म्हणाले, "पोरानं चांगलं शिकवलं तुमाले."

मी तरीही म्हटलं, "खाली माझं नाव टाकते."

"टाका ना, कोन नाही म्हनते? पन नुसतं तुमचं नाव पाहून लोकांले काय समजनार? त्याची आई म्हनून टाका. म्हंजे वळख पटते."

घरी येऊन मी त्यांचं पान पुरं केलं. तळाशी मुलाचं नाव होतंच, त्याला 'ची आई' जोडलं. पडद्यावर ते पाहिलं. तीस वर्षं हजेरीपटावर माझी सही होती, लाल शाईत, लफ्फेदार. मग ते पुसलं. सगळी ओळ पुसली. मग बाकीची सहा पानं उघडली आणि तिथलीही पुसली. माझं नाव मात्र कुठेच टाकलं नाही. आता कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

मुलाची नोकरी काही एवढ्यानं जाणार नाही. तो तिथं रुळलाय, त्याचं काम आता वेगळंच आहे. हे मी पुसण्याआधी सुनेला नीट विचारून घेतलं होतं, कारण आई आहे.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पुण्यात राहून त्याची भाषा स्वच्छ झालीय, पण घाबरला की गावची येते. "आई, माहं नाव कुठंच दिसून नाही राह्यलं. काही बिघडलं का?"

"नाही बापा. बरोबर दिसून राह्यलं तुले."

"मग टाक ना परत."

"टाकते की," मी म्हटलं. "तूच शिकवलंस ना मला? पण आता वय झालं, विसरले. कसं टाकायचं, तेवढं सांग."

मी वही उघडली, पेन घेतलं, आणि फोन कानाला लावून बसून राहिले.