काकांच्या कॉप्या

आमचे आखणीकाका कुठलीही वस्तू टाकून देत नसत. ब्रशचे केस झडले तरी दांडी ठेवत, साचा तडकला तरी माळ्यावर चढवत. पेणजवळ जोहे गावातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम त्यांचं, म्हणून आखणीकाका. त्यांच्या मूर्तीसमोर उभं राहिलं की ती आपल्याकडेच बघतेय असं वाटे. बाकी माणूस म्हणजे डोक्याला ताप!

कारखान्यात कॉम्प्युटर आला, तोही त्यांनी ताब्यात घेतला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मूर्तीचा फोटो त्यात ठेवायचा. "मूर्ती पाण्यात जाते रे, चेहरा तरी राहू दे," म्हणत. मी काही डिलीट करायला गेलो की माउसवर हात. "साचा मोडतोस काय कधी? मग ह्ये कशाला?"

पुढे त्यांचा हात थरथरायला लागला आणि ते रोह्याला लेकीकडे गेले. आखणी आता माझ्या बायकोने, सुषमाने शिकायची ठरली. तिला बघून बघून शिकता यावं म्हणून काकांचा चालता हात एकदा व्हिडिओत धरायचा, एवढीच माझी धडपड. गेल्या वर्षी मोठ्या मिनतवारीने त्यांना एका दिवसासाठी बोलावलं.

काका ब्रश घेऊन मूर्तीसमोर बसले आणि माझ्या मोबाइलवर आलं, जागा नाही. सुषमाचा मोबाइल दुरुस्तीला. माझ्यातलं सगळं कॉम्प्युटरवर टाकावं म्हटलं, तर हार्डडिस्कही काठोकाठ! डोकंच फिरलं. कोण एवढी जागा खातंय म्हणून एकेक फोल्डर तपासत सुटलो. सापडलं ते काकांचं. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये त्या वर्षीचे फोटो, शिवाय आधीच्या सगळ्या वर्षांची अख्खी कॉपी. आणि जुनी फोल्डरंही जागच्या जागी!

"काका, एकेक फोटो आठ-आठ वेळा?" मी आतल्या खोलीतून ओरडलो.

"एक गेला तर दुसरा हाय."

"अहो, पण तुमच्या व्हिडिओलाच जागा नाही! थांबा जरा."

"हात थरथरायचा आत्ता थांबलाय बाबा. मग नाय थांबायचा."

डिलीट होताना ती हिरवी पट्टी काही केल्या पुढे सरकेना. मी टेबलावर बुक्क्या मारत बसलो. शेवटी मोबाइल रिकामा करून धावत आलो, तर काका ब्रश धूत होते. "झाली गो आखणी," ते सुषमाला म्हणाले. मी दुसरी मूर्ती पुढे केली, पण ब्रश थरथरायला लागला होता. त्यांना पेणला नेऊन रोह्याच्या एसटीत बसवलं. मोबाइलमधले चार फालतू व्हिडिओ तिथल्या तिथे पुसले असते तरी भागलं असतं, हे मला एसटी सुटल्यावर सुचलं. गाढव मी!

काका दिवाळीनंतर गेले.

ती मूर्ती आम्ही विकली नाही. सुषमा तिच्यासमोर बसून सराव करते. डोळे दिसतात, पण हात कुठून निघाला आणि कुठे उचलला ते कळत नाही. परवा मी वैतागून म्हटलं, "तू तर समोरच होतीस ना?"

"होते," ती म्हणाली, "पण माझं सगळं लक्ष दाराकडे होतं, तुम्ही येताय का म्हणून."