कानबाईचं वजन

पुण्याहून बी.एस्सी. होऊन मी धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा डोक्यात एक खूळ होतं. वर्गात मी गुरुत्वाकर्षणाचा नियम फळ्यावर लिहून द्यायचो. मनातून मात्र तो अर्धवट वाटायचा. दगड किती वेगाने पडतो ते नियम सांगतो, का पडतो यावर गप्प बसतो. माझं म्हणणं असं, की लांबी, रुंदी आणि उंचीपलीकडे एक चौथी दिशा आहे. आपल्याला तिकडे मान वळवता येत नाही, आणि वजन म्हणजे तिकडून कुणीतरी टेकवलेला हात. ताणून धरलेल्या गोधडीवर कोपर टेकलं की वरचे दाणे तिकडे घरंगळतात, तसं. सोबतच्या शिक्षकांना हे सांगितलं, तर त्यांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला.

पुरावा मला घरातच सापडला. नरडाण्याजवळच्या आमच्या गावी श्रावणात कानबाई बसते. नथ आणि डोळे लावून सजवलेला नारळ, हीच देवी. आमच्याकडे नारळ वर्षानुवर्षं तोच. दुसऱ्या दिवशी घरची थोरली बाई पाटासकट तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेते आणि आंघोळ घालून परत आणते. निघताना देवी जड लागली, तर तिचा आपल्या घरातून पाय निघत नाही असं समजायचं. ती दरवर्षी अधिकच जड होते, असं माझी माय अभिमानाने सांगायची.

जुना नारळ, आतलं पाणी कधीच आटलेलं. तो जड होईलच कसा? झालाच, तर माझा चौथ्या दिशेचा हात सिद्ध! मी हुरळून गेलो. एका श्रावणात शाळेतला ताणकाटा घेऊन गावी आलो, पाटासकट देवी टांगली आणि काटा थांबला तिथे शाईची खूण केली. वहिनीने डोळे वटारले. मायने तिला गप्प केलं. देवीची थोरवी शिकलेल्या मुलाच्या काट्यावर दिसणार, याचा तिला आनंदच होता.

पुढच्या श्रावणात मायने पाट उचलला तेव्हा उंबऱ्यातच तिचे गुडघे वाकले. हात वर गेले तशा बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. नदीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा टेकत होती.

"औंदा भलती जड शे, भाऊ," ती धापा टाकत मला म्हणाली. "मागला सालना दुप्पट."

मी जवळजवळ धावतच घरी आलो. देवी नदीवरून परत येताच पाट टांगला. काटा शाईच्या खुणेकडे सरकला आणि केसभर अलीकडेच थांबला.

"माय, वजन तेवढंच आहे," मी म्हणालो. मला स्वतःचाच राग आला होता.

तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग हलकं कोन व्हयनं रे?"

तेव्हा कुठे मला तिच्या बांगड्या दिसल्या. त्या घसरू नयेत म्हणून तिने त्यांना दोरा गुंडाळला होता, तरी त्या मनगटावर थांबत नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी तिला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं.

त्यानंतरच्या श्रावणात माय खाटेवरून उठू शकत नव्हती. कानबाई वहिनीने नेली. वहिनी तरणीताठी, नदीवर जाऊन आली तरी तिला घामसुद्धा फुटला नव्हता. मायने खाटेवरूनच विचारलं, "जड लागनी का?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. घरात वजनातलं कळणारा मीच. ताणकाटा त्या वर्षी मी आणलाच नव्हता. मला फार वाईट वाटत होतं. मी खाटेजवळ बसलो आणि शाळेतली भाषा सोडून म्हणालो, "जड शे, माय. भलती जड शे."

तिने समाधानाने डोळे मिटले.

"मंग तिले आपलं घर सोडानं नही," ती म्हणाली.