मंदाचा त्रिशूळ कोणी वाहिला

डोंगर चढणाऱ्याला वर काय नेते, श्रद्धा की तयारी? वडनेरहून निघताना माझ्यासमोर हा एकच प्रश्न होता. परतताना उत्तर मिळाले. त्याबरोबर संतापही आला आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून घडले ते क्रमाने लिहिते.

बोर धरणामागच्या डोंगरात महादेवाचे एक ठाणे आहे. सातपुड्यातल्या मोठ्या महादेवापर्यंत ज्यांना जाणे होत नाही, ते नवसाचा लोखंडी त्रिशूळ येथे वाहतात. मला बरोबर नेणारी मंदा माझी जुनी विद्यार्थिनी. वडनेरला ती वांगी आणि मेथी पिकवते. गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलीचा ताप मेंदूत गेला, तेव्हा ती नवस बोलली होती : पोरगी उठली तर त्रिशूळ पायथ्यापासून स्वतःच्या खांद्यावर नेईन, वाटेत जमिनीला टेकवणार नाही. पोरगी उठली.

मंदाची तयारी मी पाहिली होती. हिवाळाभर ती रोज संध्याकाळी पाण्याने भरलेली कॅन खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) फिरे. कॅनीचा भार त्रिशुळाएवढाच होता. खांदा दमण्याआधी बदलायचा, चालताना बोलायचे नाही, असे नियम तिने स्वतःच ठरवले. चढायचे अनवाणी, म्हणून पौषातच चप्पल सोडली.

"सपाट शेतात डोंगर कसा शिकशील?" मी विचारले होते.

"बाई, तिथं शिकाले टाइम कुठं भेटते?"

महाशिवरात्रीच्या सकाळी आमची गाडी जामच्या फाट्यावर चहाला थांबली. मंदाचे भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) वसंतराव साबुदाणा उसळीची दुसरी प्लेट संपवत होते. उपासाचेच आहे, असे ते तेल निथळवत म्हणाले. मंदाने एक केळे खाल्ले.

"मंदे, कॅन वाहून राह्यली होती म्हणे हिवाळाभर. नळाले पाणी नाई का तुमच्याकडं?" वसंतरावांनी विचारले आणि गाडीतले नातेवाईक हसले. वसंतरावांना चेव आला. "देवाले श्रद्धा लागते, कसरत नाई."

वर्धा, सेलू, हिंगणी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसू लागला. पायथ्याशी गाडी थांबली. मंदाने त्रिशुळाला कुंकू लावले, खांद्यावर दुपट्ट्याची घडी ठेवली. तेवढ्यात वसंतरावांनी त्रिशूळ उचलला.

"भाऊजी, नवस मी बोलली."

"घरचाच हाय ना नवस. घरात माणसं असताना बाईच्या खांद्यावर त्रिशूळ? लोक काय म्हनतीन?"

"वसंतराव, शब्द तिने दिला आहे," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही पाहुण्या. आरामानं चढा."

जयजयकार करत ते झपाझप निघाले. मंदा रिकाम्या खांद्यावर दुपट्ट्याची घडी तशीच ठेवून मागे चालू लागली. चढ फार मोठा नाही, पण वाट सुट्या दगडांची आहे आणि मध्यावर ती एकदम उभी होते. तेथे वसंतरावांचा दम संपला. आम्ही पोहोचलो तेव्हा ते पळसाच्या बुंध्याशी बसले होते आणि त्रिशूळ शेजारी मातीत आडवा पडला होता.

"जरा टेकवला. काय होते? घे आता, तुलेच हौस होती ना."

मंदाने त्रिशूळ उचलला आणि ती खाली वळली.

"काऊन वं? कुठं चालली?"

"पायथ्याशी."

"एवढं उतरून पुन्हा चढशीन? याड लागलं का?"

"टेकला ना, भाऊजी."

बाकीचे वर निघाले. मी तिच्याबरोबर उतरले. पायथ्याशी तिने त्रिशूळ धुतला, नव्याने कुंकू लावले आणि तो पुन्हा खांद्यावर घेतला. ऊन वर आले होते. बुटांतले माझे पाय दगडांवर घसरत होते, तिची अनवाणी पावले प्रत्येक दगड चाचपून मगच भार टाकत होती. तिने एकदाही घाई केली नाही. त्या उभ्या चढावर तिने खांदा बदलला आणि पळसाकडे न पाहता पुढे गेली. शेतात गिरवलेला धडा ती शब्दशः पाळत होती. तिची श्रद्धा मला त्या शिस्तीत दिसली.

वर बाकीचे प्रसाद खाऊन बसले होते.

"आली एकदाची. गाडीवाला बोंबलून राह्यला," वसंतराव म्हणाले. तिने त्रिशूळ ओट्यावर रोवताच त्यांनी पुढे होऊन तो मुठीत धरला आणि फोटो काढून घेतला.

परतीच्या वाटेवर तो फोटो गाडीतल्या प्रत्येक फोनवर आला. खाली लिहिले होते : वसंतरावांनी नवस फेडला. मंदा त्यात कोठेच नव्हती.

"असू द्या बाई," ती म्हणाली. "पोरीले मी सांगीन ना, टेकला नाई म्हनून."

तिला ते पुरेसे होते. मला नाही. सिंदी मेघेला माझ्या घरासमोर उतरताना मी वसंतरावांना सर्वांसमोर सांगितले की हा फोटो खोटा आहे. ते म्हणाले, "मॅडम, थकल्या तुम्ही. झोपा आता."

माझ्या प्रश्नाचे उत्तर असे : तयारी करणाऱ्याला श्रद्धेवर भाषण करावे लागत नाही, आणि भाषण करणाऱ्याचा भार मध्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जातो. पण मी पाहिला तो एकच डोंगर. पुढच्या महाशिवरात्रीला आपल्या जवळच्या डोंगरावर जा. पायथ्याशी किंवा शिखरावर थांबू नका. चढ सर्वांत उभा आहे तेथे उभे राहा आणि त्रिशूळ कोणाच्या खांद्यावर आहे ते स्वतः पाहा.